चार पेट्या, एक खांदा

पत्र:

मॅडम, सादर नमस्कार. मी दीड वर्षापासून नेमबाजी करतो. वय ४३. स्पर्धेचं वगैरे डोक्यात नाही (खोटं कशाला बोलू, थोडं आहे). माझ्याकडे एक एअर पिस्तूल, एक पॉइंट टू टू स्पोर्ट पिस्तूल, एक पॉइंट टू टू रायफल आणि वडिलांची दुनळी बारा बोअर आहे. रेंज दीड तासावर. पंधरवड्यातून एकदा जाणं होतं आणि अडीच तास मिळतात. एवढ्या लांब जायचंच तर सगळ्यांचा हात फिरवून येऊ, म्हणून चारही नेतो आणि प्रत्येकीतून चाळीसेक गोळ्या मारतो. पण सहा महिने झाले, गुण जागचे हलत नाहीत. बायको म्हणते, “सराव कमी आणि वरात जास्त.” आता मुलगीही यायचं म्हणते, ती १५ वर्षांची आहे. तिच्यासाठी आणखी एखादं न्यावं का? आणि वडिलांची बंदूक घरी ठेवून निघालो की मन खातं, त्याचं काय करू?
चौथी पेटी उचलणारा

उत्तर:

वहिनी बरोबर बोलल्या.

एक न्या. फार तर दोन, पण दुसरं कशासाठी घेतलं हे दाराला कुलूप लावतानाच तुम्हाला सांगता आलं पाहिजे. “असू दे बरोबर” हे कारण धरायचं नाही.

आता तुमचे अडीच तास कुठे जातात ते बघू. पोचल्यावर नोंद करायची, जागा मिळवायची, पेटी उघडायची, लक्ष्य लावायचं, दुर्बीण मांडायची. यात वीस मिनिटं सहज जातात. मग प्रत्येक वेळी वेपन बदलताना हातातलं रिकामं करायचं, चेंबर (गोळी बसते ती जागा) बघायचं आणि दाखवायचं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घालायचा, ते पेटीत ठेवायचं आणि दुसरी पेटी उघडायची. तुमच्या बाबतीत तर जागाही बदलते. एअर पिस्तूल १० मीटरवर, स्पोर्ट पिस्तूल २५ वर, रायफल ५० वर, आणि बारा बोअरला मैदानच निराळं. एका बदलाला पंधरा मिनिटं धरली तर तीन बदलांत पाऊण तास गेला. शेवटची आवराआवर आणखी पंधरा मिनिटं. उरतात सत्तर मिनिटं, आणि त्यात तुम्ही १६० गोळ्या मारता. म्हणजे गोळीमागे सव्वीस सेकंद. १० मीटर एअर पिस्तुलाच्या सामन्यात ६० गोळ्यांना ७५ मिनिटं देतात, गोळीमागे सव्वा मिनिट. जगातले निवडक नेमबाज जेवढा वेळ घेतात त्याच्या तिप्पट घाईत तुम्ही सराव करताय, आणि मग गुण हलत नाहीत म्हणून मला पत्र लिहिताय!

त्यात चाळीस गोळ्यांचं एक दुखणं आहे. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या पाय कुठे ठेवायचे, ग्रिप बसली का, श्वास कुठे थांबतो, साइटला (नेम धरायच्या खुणेला) किती क्लिक द्यायचे, यातच जातात. विसाव्या-पंचविसाव्या गोळीनंतर शरीर गप्प होतं आणि आपली खरी चूक दिसायला लागते. ती दिसली की तिच्यावर काम करायला पुढच्या तीस-चाळीस गोळ्या हव्या असतात. तुम्ही नेमके तिथेच उठता आणि पुढच्या पेटीकडे जाता. चारही वेळा तुमची ओळख होते, बोलणं एकाशीही होत नाही.

बोटाचं तर विचारूच नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एअर पिस्तुलाचा चाप सुटायला किमान ५०० ग्रॅम वजन लागतं आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. कागदावर हा आकडा नुसता दुप्पट दिसतो. बोटाला तो कसा दिसतो ते मला एका सकाळी कळलं. स्पोर्ट पिस्तुलाच्या तीन सीरिज मारल्या होत्या, हात छान लागला होता, म्हणून उत्साहात एअर पिस्तूल उचललं. हात लक्ष्याच्या वर नेला, खाली आणायला लागले, फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) अजून काळ्या वर्तुळाच्या वरच्या पांढऱ्यात होती. बोट सवयीने चापावर टेकलं, नुसतं टेकलं, आणि फट्. कार्ड जवळ आणून बघितलं तर वर, चाराच्या घरात, एकटं भोक. शेजारच्या लेनमधल्या मुलाने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. बोट अजून मघाच्या किलोच्याच हिशेबात होतं. त्याला पाचशे ग्रॅम परत पटवायला मला पंधरा छर्रे लागले, आणि तोवर मन गेलं ते गेलंच.

बारा बोअरचं उलट आहे. ती बोटाऐवजी खांद्याला आणि डोळ्याला शिकवते. दणका येणार हे शरीराला एकदा कळलं की ते दणक्याच्या आधीच आवळतं. पापणी मिटते, खांदा पुढे येतो. त्यानंतर लगेच पॉइंट टू टू रायफल हातात घेतलीत, जिला धक्का म्हणावा असा धक्काच नाही, तरी खांदा त्या न येणाऱ्या दणक्याची वाट बघत बसतो. ५० मीटर रायफलच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे आवळलेल्या खांद्याला माफी नाही. तुमच्या पत्रात क्रम दिलेला नाही, पण दिवसाची सुरुवात वडिलांच्या बंदुकीने होत असेल तर रायफलचे गुण का अडले याचं निम्मं उत्तर मला इथे बसून दिसतंय.

मग दोन कधी न्यायची? जेव्हा तुम्ही खरोखर दोन प्रकार खेळता तेव्हा. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तुलात वैयक्तिक आणि मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदकं घेतली आणि २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलात चौथी आली. तीन स्पर्धा, दोन पिस्तुलं. तिला दोन्ही लागतातच. तुम्हालाही पुढे एअर आणि स्पोर्ट अशा दोन्ही पिस्तुलांत उतरायचं असेल तर ही जोडी न्यायला माझी ना नाही. ग्रिपचा कोन, उभं राहणं, हात वर नेऊन खाली आणणं, बरंचसं सारखं असतं. फक्त हलक्या चापाचं आधी, जड चापाचं नंतर. आणि वाटणी निम्मी-निम्मी करू नका. त्या दिवशीचं मुख्य काम एका पिस्तुलावर, सत्तर गोळ्या तरी. दुसऱ्याला वीस, नुसती ओळख राहावी म्हणून. पिस्तूल आणि रायफल एका दिवशी नको. एकात एका हाताने, उघड्यावर तोललेला किलोभर भार, दुसऱ्यात जाकीट घालून हाडांवर टेकवलेला पाच किलोंचा. ही दोन वेगळी शरीरं आहेत असं समजा.

दुसरं कारण जादाचं, म्हणजे एक बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. तेही मनूच्याच उदाहरणाने सांगते. टोकियोत, जुलै २०२१ मध्ये, पात्रता फेरी चालू असताना तिच्या एअर पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. अशा ठिकाणी जादाचं पिस्तूल म्हणजे चैन नव्हे. पण तुमचा पंधरवड्याचा सराव म्हणजे ऑलिंपिक नव्हे. तिथे पिस्तूल बिघडलं तर काय होईल? तुम्ही बसून ड्राय (गोळीविना नुसता चापाचा सराव) कराल, दुसऱ्यांचं बघाल, लवकर घरी याल. आणि जादाचं ठेवायचंच तर ते त्याच जातीचं, त्याच ग्रिपचं हवं. एअर पिस्तूल बिघडलं तर रायफल ही त्याची बदली होत नाही.

बदलीच्या वेपनवर काही जमतच नाही असंही नाही हं. मॅट एमन्स नावाचा अमेरिकन नेमबाज. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी त्याच्या रायफलची कोणीतरी मोडतोड केली. त्याने ओळखीतल्या नेमबाजाची रायफल मागून घेतली आणि ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून मारायच्या प्रकाराचं) सुवर्ण जिंकलं. दोन दिवसांनी थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) तो आघाडीवर होता, एकच गोळी राहिली होती, आणि ती त्याने शेजारच्याच्या लक्ष्यावर मारली. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. हे मी नवख्यांना नेहमी सांगते, कारण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच आठवड्यातल्या. रायफल मागून आणलेली होती तेव्हा त्याचं लक्ष जागेवर होतं. लक्ष हललं तेव्हा रायफलचा काही दोष नव्हता.

तिसरा एक दिवस असतो, साइट जुळवण्याचा किंवा काडतुसांचे वेगवेगळे लॉट लावून बघण्याचा. पॉइंट टू टूमध्ये एकाच कंपनीच्या दोन लॉटचे ग्रुप (लक्ष्यावरचे भोकांचे पुंजके) वेगळे पडतात, हे तुम्ही बघितलं असेल. त्या दिवशी दोन-तीन वेपन न्या, हरकत नाही. मात्र तो कारागिरीचा दिवस. त्याची नोंद सरावाच्या वहीत करू नका आणि गुणांवरून खट्टू होऊ नका.

आता पत्रात तुम्ही न लिहिलेली गोष्ट. १० मीटरवर तुम्ही उभे असता तेव्हा बाकीच्या तीन पेट्या कुठे असतात?

गाडीत असतील तर मला पुढे काही बोलायचंच नाही, उद्यापासून बंद करा. कुलूपबंद डिकीसुद्धा नको. रेंजवर तुमच्या पाठीमागच्या बाकावर असतील तर तुमचे कान मफमध्ये आणि डोळे फोरसाइटवर, म्हणजे राखण कोणीच करत नाही. एका माणसाला एकावेळी एकाच वेपनवर नजर ठेवता येते, कारण दुसरी नजर लक्ष्यावर लागते. न्यायचं-आणायचं तेव्हा प्रत्येकाचं कुलूप, प्रत्येकाचे कागद, प्रत्येकाचं रिकामं असल्याची खात्री. चार म्हटलं की हे चारदा. मी एकदा नुसती दोन नेऊन स्पोर्ट पिस्तुलाचं मॅगझिन टेबलावर विसरून आले होते, आणि ते घरी रात्री साफसफाई करताना लक्षात आलं. ती रात्र मी विसरलेली नाही. सकाळी रेंज उघडायच्या आधी फाटकावर जाऊन उभी होते.

तेच काडतुसांचं. टेबलावर एकाच जातीचा दारूगोळा हवा, हा माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे सरकून नळीत अडकतं. वरून बघणाऱ्याला चेंबर रिकामं वाटतं. तो बारा बोअरचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी फाटते, आणि तिच्याखाली डावा हात असतो. म्हणून तर वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात करायची पद्धत पडली. तुमच्याकडे वीस बोअर नाही, मान्य. पण शेजारी कोणाकडे असेल, आणि चार पेट्या, चार डबे, दोन खिसे अशा पसाऱ्यात काय कुठे गेलं हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल का?

मुलीचं विचारलंत. तिच्यासाठी वेगळं काही नेऊ नका. ती येणार त्या दिवशी तर दोनही नकोत. एअर पिस्तूल, तेवढंच, तुम्हा दोघांत मिळून. सुरुवातीला हात टेकवून मारू दे. दहा मीटरवर एका हाताने किलोभर वजन धरून उभं राहणं ही पंधरा वर्षांच्या मनगटाला पहिल्या दिवशी शिक्षा आहे. तुमची ग्रिप तिला मोठी पडेल. बोट चापावर बोटाच्या पेराने टेकतंय की आडवं ताणून, हे बघा. ताणून टेकत असेल तर रेंजवरच्या कोचकडून तिच्या मापाची ग्रिप मागून घ्या. डोळ्यांना संरक्षक चष्मा दोघांनाही. एकावेळी एकच छर्रा. एकाने दहा मारले की पिस्तूल उघडायचं, फ्लॅग घालायचा, टेबलावर नळी लक्ष्याकडे करून ठेवायचं आणि मागे सरकायचं, मग दुसऱ्याने पुढे यायचं. हातातून हातात पिस्तूल देणं नाही, बापलेकीतसुद्धा नाही.

आणि जो मारत नाही त्याने बसून राहायचं नाही, लिहायचं. मारणाऱ्याने कार्ड किंवा स्क्रीन बघायच्या आधी मोठ्याने सांगायचं, “उजवीकडे खाली, आठ.” दुसऱ्याने ते लिहून मग खरं काय पडलं ते पुढे लिहायचं. याला आम्ही कॉल म्हणतो. दोन आकडे जुळायला लागले की समजा, डोळा चाप सुटतानाचं बघायला शिकला. एकट्याने सराव करताना हे कोणी करत नाही, आळस येतो. तुम्हाला आयती लेखनिक मिळतेय, आणि तिने तुमचे सहा-सात लिहून घेतलेत की घाईही आपोआप कमी होईल. लेकीसमोर सव्वीस सेकंदांत गोळी मारून दाखवा बरं! निघताना दोघांनीही साबणाने आणि गार पाण्याने हात धुवा. छर्रे शिशाचे असतात.

राहिलेली तीन घरी गंजतील का? नाही. घरचा सराव त्यांचाच असतो. बहुतेक एअर पिस्तुलांना ड्रायची सोय असते, भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि रोज दहा मिनिटं नुसता चाप सोडा. पॉइंट टू टूला मात्र तसं रिकामं मारू नका. रिमफायरची पिन काडतुसाच्या काठावर बसते, काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर आपटू शकते आणि तिथे खाच पडते. खोटी काडतुसं मिळतात, ती घाला. आणि खरी काडतुसं त्या वेळी त्या खोलीतही नकोत, कपाटातसुद्धा नकोत, दुसऱ्या खोलीत.

पुढचे तीन महिने असं करा. एकच निवडा. मी तुमच्या जागी असते तर एअर पिस्तूल निवडलं असतं, मुलगीही येणार आहे आणि घरी ड्रायही होतं. तीन महिन्यांत तुमच्या सहा फेऱ्या होतात. आता त्या सहा फेऱ्यांत एअर पिस्तुलाच्या वाट्याला २४० छर्रे येतात, तेही पळत पळत. एकच नेलंत तर फेरीला ऐंशी धरून ४८० होतील, आणि तरी वेळ उरेल. बदलांचा पाऊण तास वाचतो ना. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरलेला आहे का, दाबाचा काटा कुठे आहे, हे आदल्या दिवशी बघा. सहाव्या फेरीनंतर वही उघडा. तोवर रायफल रेंजवर नेऊ नका. हो, मोह होईल.

आता वडिलांची बंदूक. तिला चौथी म्हणून नेता आणि शेवटी, हात थकल्यावर, ऊन चढल्यावर काढता, हे तिलाही बरं नाही आणि तुम्हालाही. तिला तिचा दिवस द्या. तीन महिन्यांतून एकदा, क्लेच्या (उडत्या तबकड्यांच्या) मैदानावर, ती एकटी. बाकीची तिन्ही घरी. पंचवीस क्लेची एक फेरी, फार तर दोन. कानाला फोमचे बोळे आणि वरून मफ, दोन्ही.

पण त्याआधी एकदा जाणत्या गनस्मिथकडून तपासून घ्या, आणि दीड वर्ष चालवतोय, काही झालं नाही, असं मला सांगू नका. जुन्या बारा बोअरची चेंबरं पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असतात आणि आजची काडतुसं सर्रास ७० ची. डब्यावरचा आकडा हा काडतूस उडाल्यानंतर, तोंड उलगडल्यानंतरच्या लांबीचा असतो. न उडालेलं काडतूस त्याहून आखूड, त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्येही बिनबोभाट बसतं. उडतं तेव्हा त्याच्या तोंडाला उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. बंदूक मधोमध दुमडून उघडा, नळ्या काढा आणि चेंबरच्या बाजूला, नळीच्या खालच्या सपाट भागावर भिंग धरून बघा. बोअर, चेंबरची लांबी, प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) शिक्के बहुधा तिथेच ठोकलेले असतात. तेल आणि काळेपणा साचला असेल तर फडक्याने पुसा. आकडा वाचता आला नाही तर गनस्मिथला मोजायला सांगा, आणि तो सांगेपर्यंत घरातला डबा उघडू नका.